फ्रिजवरची चादर

मागच्या दिवाळीआधी एक वार्ताहर भाऊ बडनेऱ्याला माझ्या घरी आले होते. खंजिरी भजनावर लिहायचं म्हणत होते. चहा झाला, चार प्रश्न झाले, मग फोटोची वेळ आली. मी खंजिरी घेऊन बसले. ते मोबाइल धरून जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "ताई, मागं फ्रिज दिसून राहिला. त्यावर एखादी चादर टाकता काय?" मी टाकली. आयोजकानं बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, ही सवय अंगात मुरलेली असते, त्यातलाच तो प्रकार. बातमी छापून आली तेव्हा माझ्या पाठीमागं पांढऱ्या चादरीतलं एक चौकोनी भूत उभं होतं. मथळ्यात 'उपेक्षा' होती आणि 'अखेरची घरघर' होती. घरघर कोणाची, ते नीट कळत नव्हतं. फ्रिजची असावी.

तो फ्रिज मी खंजिरी वाजवून घेतला आहे. अठरा हप्ते भरले, एकही चुकला नाही. त्या अठरा हप्त्यांची बातमी कोणी केली नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आणि लिहायचंच तर यंदाच्या मार्चमधल्या एका रविवारबद्दल लिहावं. तो दिवस मी मुंबईत काढला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत खूश होते. यात पेपरात छापण्यासारखं काय, असं घरच्यांनीही विचारलं. तेच तर माझं म्हणणं आहे. कलावंत रडत असला की पाऊण पान मिळतं. तो पोटभर जेवून, पैसे खिशात घालून घरी आला तर ती कोणाला बातमी वाटत नाही.

माझं वय एक्कावन्न. जुन्या वस्तीत राहते. चोवीस वर्षं भजन म्हणते आणि खंजिरी वाजवते. पुण्यतिथ्या, सप्ताह, शाळांची संमेलनं, कोणाच्या तेरवीचा कार्यक्रम, मतदानाची जागृती, हागणदारीमुक्ती, जे येईल ते. यजमान स्टेशनवर ऑटो चालवतात. बडनेऱ्यात ऑटोला मरण नाही, कारण मुंबई-हावडा लाइन टाकणाऱ्यांनी अमरावती बाजूला ठेवली आणि बडनेऱ्यावरून रूळ नेले. आजही अमरावतीकरांना बहुतेक लांबच्या गाड्यांसाठी नऊ-दहा किलोमीटर आमच्याकडे यावं लागतं. इंग्रजांच्या त्या निर्णयावर आमच्या घरातली अर्धी चूल चालते, उरलेली अर्धी खंजिरीवर.

बाहेरच्या लोकांना खंजिरी म्हणजे तोंडी लावायचं वाद्य वाटतं. आमच्याकडं तसं नाही. १९०९ साली यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हे वाद्य हातात घेतलं आणि सगळा वऱ्हाड त्या तालावर बसवला. १९४२ साली इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं, ते काही तलवार चालवली म्हणून नाही. मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव जी भजनी मंडळं उभी राहिली, त्यातल्याच एकात माझे वडील झील धरायचे, म्हणजे मागून ओळी उचलायचे. अकोला जिल्ह्यातले सिरसोलीचे सत्यपाल महाराज तर एका वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. मी एकच वाजवते. एक नीट वाजली तरी भागतं.

तर झालं असं. श्रावण सोमवारी कोंडेश्वराला आमचं भजन होतं, त्याचा व्हिडिओ माझ्या भाचीनं काढून टाकला. ती अमरावतीला बीकॉम करते आणि माझा मोबाइलही तीच सांभाळते. फेब्रुवारीत मुंबईहून एका संगीत संयोजकाचा फोन आला. पोरगाच होता, आवाजावरून तिशीचा. सिनेमातलं एक गाणं आहे, वऱ्हाडी आहे, खंजिरी पाहिजे आणि मागं दोन ओळींना तुमचा आवाज पाहिजे, असं म्हणाला. पुढचं वाक्य ऐकून मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. "ताई, तुम्ही मानधन किती घेता?"

कामाआधी हे विचारलेलं मी ऐकलंच नव्हतं. आमच्याकडं कार्यक्रम संपल्यावर, रात्री एक वाजता, मांडवाच्या कोपऱ्यात पाकीट मिळतं. ते तिथं उघडून बघायची पद्धत नाही. घरी येऊन बघितलं की कळतं, आपली किंमत या गावात यंदा किती आहे. मी घसा खाकरला आणि सहा हजार म्हटलं. समोर भाची दोन्ही हातांची बोटं फाकवून दाखवत होती. तो पोरगा म्हणाला, "सहा ठीक आहे, आणि तुम्हा दोघींचं जाण्यायेण्याचं तिकीट आम्ही काढतो." भाची संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग बोलली ती अशी, "मावशी, तू तं लय सस्त्यात गेली. दहा सांगाले काय झालं होतं?"

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास अमरावती एक्स्प्रेस धरली. यजमान पोचवायला आले होते. गाडी सुटेस्तोवर एकच सांगत होते, "सामान सांभायजो. अन् पैसे भेटल्याबिगर गाडीत बसू नको."

इथं एक बारीक गोष्ट सांगून टाकते, कारण ती कोणी लिहीत नाही. कार्यक्रमाला निघालेल्या कलावंतांना रेल्वेत सवलत असायची. सेकंड क्लास आणि स्लीपरला पाऊण भाडं माफ. आमचं आठ जणांचं मंडळ दोन जणांच्या पैशात जायचं. २० मार्च २०२० पासून, कोरोनाच्या निमित्तानं, रेल्वेनं बऱ्याच सवलती बंद केल्या. अपंग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या तेवढ्या ठेवल्या. म्हाताऱ्यांच्या सवलतीसाठी संसदेत प्रश्न विचारले गेले, आमच्या सवलतीचं नाव कोणी काढलेलं मी तरी ऐकलं नाही. कोरोना गेला, मास्क गेले, सवलत आली नाही. पुण्यामुंबईकडचं बोलावणं आलं की आमचे पेटीमास्तर आता आधी भाड्याचा हिशेब करतात आणि आठातले चार जण घरी ठेवतात. झील धरायला माणसं नसली की भजन कसं वाटतं? बिनपाण्याच्या वरणासारखं. लोककला वाचवायच्या समित्या नेमण्यापेक्षा ही एक सवलत परत करा, एवढं माझं रेल्वेमंत्र्यांना सांगणं आहे. आता परत मुंबईकडं.

पाच वाजायच्या आत दादर आलं. बायकांच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, लुगडं बदललं. रिकामा वेळ खूप होता म्हणून फुलबाजारात शिरलो. झेंडूचे डोंगर, त्यावर पाणी मारणं चाललेलं, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल. पायाखाली देठांचा आणि पाकळ्यांचा ओला थर. माझ्या दोन्ही चपला एका सकाळीत जेवढ्या फुलांवरून चालल्या तेवढी फुलं मी आयुष्यभरात देवाला वाहिली नसतील.

तिथून समुद्रावर जायला भाचीनं ऑटो शोधला. दादरला ऑटो मिळत नाही, तिथं सगळ्या टॅक्स्या. ऑटो वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडं. आणि त्याला रिक्षा म्हणायचं. ऑटोवाल्याची बायको असून मला हे ठाऊक नव्हतं. चालतच गेलो. चैत्यभूमीला डोकं टेकवलं. लहानपणी ६ डिसेंबरला वस्तीतल्या लोकांबरोबर एकदा आले होते, तेव्हा गर्दीत मला वडिलांचा सदरा सोडून काही दिसलं नव्हतं. या वेळी सगळं रिकामं. समुद्र मागं सरकलेला. एक म्हातारा माणूस कुत्र्याला इंग्रजीतून रागावत होता. उजाडल्यावर शिवाजी पार्काजवळच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. आमच्याकडच्या गिला वड्याची सर त्याला नाही, पण हे मी बडनेऱ्याची म्हणून बोलते आहे.

समुद्रावर मी एक चूक केली होती. खंजिरी पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती. दादरहून अंधेरीला लोकलनं पोचलो, स्टुडिओत बसलो, वाजवून बघते तर 'भद्'. वऱ्हाडातल्या मार्चच्या हवेत बकरीचं कातडं तापून टणटण बोलतं. मुंबईच्या दमट हवेत ते ओल्या पापडासारखं बसलं होतं. मांडवात असते तर शेकोटी, चूल, काहीतरी मिळालं असतं. तिथं काचेची दारं आणि गालिचा. माझा चेहरा उतरला. तेवढ्यात भाचीनं पर्समधून केस वाळवायचं यंत्र काढलं. आदल्या दिवशी ते भरताना मी तिला रागावले होते, लग्नाला चालली का म्हणून. दोन मिनिटं गरम हवा मारली आणि खंजिरी बोलायला लागली. मग उलटं झालं, तिथल्या एसीत ती चढतच गेली. तेव्हा दर वेळी वाजवायच्या आधी बोट ओलं करून कातड्यावरून फिरवायचं आणि तिला खाली आणायचं. अर्धं काम वाद्य वाजवायचं, अर्धं त्याची समजूत काढायचं.

स्टुडिओच्या दारावर एक कागद चिकटवला होता. त्यावर पेनानं लिहिलं होतं, 'खंजिरी, १० ते १', खाली माझं नाव, आडनावासकट. आमच्याकडं पत्रिकेवर नाव असतं प्रमुख पाहुण्यांचं, अध्यक्षांचं, मांडव घालणाऱ्याचं. शेवटी 'आणि संच' असतं. त्या 'आणि संच'मध्ये मी चोवीस वर्षं राहते. भाचीनं त्या कागदाचा फोटो काढला. मी दुसरीच गोष्ट बघत होते. बायकांचं संडास, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं. पुरुष कलावंतांना यातलं काही वाटत नसेल. रात्री नऊ ते एक भजन म्हणणाऱ्या बाईला संध्याकाळी पाचपासून पाणी प्यायचं का नाही, हे मांडवाच्या मागं काय आहे त्यावर ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी मागं काहीच नसतं. मग शेजारच्या एखाद्या घरी दार वाजवायचं. त्या दिवशी मी दहाला दोन ग्लास पाणी प्याले. आवाज त्यानं उघडला की मनानं, सांगता येत नाही.

कानाला हेडफोन लावले. त्यात टिक-टिक-टिक. तिच्याबरोबर वाजवायचं. आता खंजिरी भजनाचा स्वभाव असा आहे की ते चढतं. पहिलं कडवं चालत, दुसरं जरा पाय उचलून, शेवटी अशी धाव की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते. टिक-टिक मात्र चढत नाही. सरकारी घड्याळासारखी एका जागी. पहिल्या तीन वेळा मी तिला मागं टाकून पुढं गेले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "ताई, तुम्ही गाडी स्टेशनात सोडून पुढं निघून जाताय." मी म्हटलं, बडनेऱ्याची आहे, मला गाडी कधी सोडायची ते कळतं. हसले. पण चौथ्या वेळेलाही तेच. मला घाम फुटला. आता म्हणतील जमत नाही, घरी जा.

तर तो संयोजक पोरगा आत आला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पहिली दोन कडवी टिक-टिकबरोबर वाजवा. शेवटच्या कडव्याला मी ती बंद करतो. तुम्ही जशा चढाल तसं बाकीचं मी तुमच्या मागून बसवतो." बाकीचं म्हणजे व्हायोलिनं, गिटार, सगळं. माझ्या मागून. तसंच केलं. शेवटचं कडवं वाजवताना मी डोळे मिटले होते, आणि मला आमच्या वस्तीतला पार दिसत होता, वडील दिसत होते. संपलं तेव्हा काचेपलीकडचे दोघं उभे होते. खंजिरीवर माझ्या बोटाचं रक्त लागलं होतं. चकती लागली असावी, वाजवताना कळलं नाही.

मग आवाजाच्या दोन ओळी. कागद हातात आला. वऱ्हाडी म्हणून लिहिलं होतं, पण लिहिणारा इकडचा नसावा. मी भीत भीत म्हटलं, आमच्याकडं बाप 'म्हणतो' असं नाही, बाप 'म्हनते'. डोळ्याला 'डोया'. आणि 'मला' नाही, 'मले'. त्यांनी सगळं बदललं. शेवटी मी भाचीकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "शब्द दुरुस्त केले त्याचे वेगळे द्या." म्हणताना कानशिलं तापली होती. तो पोरगा म्हणाला, "बरोबर आहे. पंधराशे जोडतो." आमच्या अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी टीव्हीवरून ही बोली घरोघर पोचवली, त्याचं कौतुकच आहे. पण लोकांना ती तोंडातून निघाली की हसायचं एवढंच माहीत झालंय. त्या गाण्यात हसायचं काही नव्हतं. एक बाई शेतातून घरी येते आहे, एवढंच होतं.

सव्वाला जिना उतरताना मोबाइल वाजला. साडेसात हजार. काम संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. मी पायरीवर बसले. एका आयोजकाकडचे बाराशे रुपये मला सात महिन्यांनी मिळाले होते, तेही दोन हेलपाटे घालून. दुसऱ्या हेलपाट्याला पैसे देताना ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, तिच्यापुढं बाराशेचं काही वाटलं नाही.

आता वांद्र्याची गोष्ट. अंधेरीहून दादरला परतताना मी मध्येच उतरायचं म्हटलं. वडिलांकडं एक कॅसेट होती, तिच्यात गाडगेबाबांचं कीर्तन. बाबा आमचेच, शेंडगावचे. त्यांचं ते शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याला झालं, पोलिसांसमोर. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबा गेले. कॅसेटमध्ये त्यांचा आवाज असा येतो की समोरच्या शेवटच्या माणसाला नावानं हाक मारल्यासारखा. प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे, मग त्या उत्तराचीच फजिती करायचे. माईक असो नसो. कामाला निघालेला वऱ्हाडी कलावंत मुंबईत कसा उभा राहतो, हे मी पहिल्यांदा त्या कॅसेटमध्ये ऐकलं होतं.

वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन ते कीर्तन नेमकं कुठं झालं ते विचारलं. एक पोलीसबाई होत्या, त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी साहेबांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वीचं आवार आता कुठं गेलं असेल कोण जाणे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. भाची म्हणाली, चल. मी फाटकाबाहेर पिंपळाखाली दोन मिनिटं उभी राहिले, एवढंच.

पण तिथं उभं राहून जे डोक्यात आलं ते सांगितलंच पाहिजे. मी पैशाचं बोलले की आमच्याकडं एक वाक्य हमखास येतं, "बाबांनी कधी पैसे घेतले होते काय?" तुकडोजी महाराजांचंही नाव घेतात. हे म्हणणाऱ्याच्या मांडवात डीजेवाल्याला पस्तीस हजार, मंडपवाल्याला साठ, जेवणावळीला किती ते विचारू नका. सगळ्यांना आधी इसार. भजनवाल्याला 'श्रद्धेनं जे होईल ते'. अहो, बाबांनी स्वतःसाठी घेतले नाहीत हे खरं. पण लोकांकडून लाखो रुपये उभे करून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची एक बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांची सोय केली. दादरला आजही त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रोगी उतरतात, त्यात आमच्या जिल्ह्यातले कितीतरी. पैशाला बाबा शिवत नव्हते असं नाही. पैसा कुठून येतो आणि कुठं जातो यावर त्यांची नजर होती. ज्याच्या अंगावर चिंध्या आणि हातात मडकं, त्याला घरभाडं नव्हतं, गॅस नव्हता, बीकॉमची फी नव्हती. माझ्याकडं हे सगळं आहे. मी संत नाही, मी कामाची बाई आहे. माझी भक्ती खरी आहे आणि माझं बिलही खरं आहे.

सरकारचं म्हणाल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची योजना आहे, महिन्याला पाच हजार. आधी अ, ब, क असे वर्ग होते, स्थानिक कलावंताला सगळ्यात कमी. आता सरसकट केलं, ते बरं झालं. आमच्या पेटीमास्तरांना मिळतात, मला अर्ज करायचा आहे. पण ते थकल्यावरचं झालं. हात चालतात तोवर आम्हाला मदत नको, मजुरी पाहिजे. ती वेळेवर पाहिजे.

दादरला जेवायला बसलो. कार्डावर कोथिंबीर वडी दिसली, म्हणजे आमच्या सांबारवडीच्या जातीतली. मी वेटरला विचारलं, "यात सांबार भरपूर आहे ना?" त्यानं न बोलता उडप्याच्या सांबारची वाटी आणून ठेवली. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला समजावून सांगेपर्यंत भाची टेबलाखाली वाकून हसत होती. वाटीचे पैसे त्यानं लावले नाहीत.

चारला शिवाजी मंदिरात नाटक बघितलं. हे नाट्यगृह १९६५ चं, म्हणजे माझ्याहून वयानं मोठं. आमची तिकिटं बाल्कनीची होती. स्वतःच्या पैशानं तिकीट काढून, दुसऱ्याचं काम बघायला, खुर्चीत टेकून बसायचं, असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालं आहे. मी कुठंही गेले की मांडवाच्या पुढच्या बाजूलाच, लोकांकडं तोंड करून. पडदा उघडला आणि माझं लक्ष गोष्टीकडं कमी, त्या कलावंतांकडं जास्त. एका बाईंचा पदर दिव्याच्या खांबाला अडकला. त्यांनी बोलता बोलता, वाक्य न तोडता, भांडणातला राग असल्यासारखा तो झटक्यात सोडवला. टाळ्या आल्या नाहीत, कारण कोणाला कळलंच नाही. मी एकटीनं वाजवल्या. शेजारच्या काकांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला आणि त्या काकांना पदराचं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही या क्षेत्रातल्या का?" मी म्हटलं, हाव. होय म्हणायला हवं होतं, तोंडातून 'हाव' गेलं. आणि ते बरंच झालं.

या दिवसात मुंबईचं काय होतं? समुद्र सोडला आणि ते नाटक सोडलं तर फारसं काही नाही. दर आधी विचारणं, दहा म्हणजे दहा, कडीचं संडास, काम झालं की पैसे, यासाठी साडेसहाशे किलोमीटर जायची गरज नसावी. अमरावतीला जमेल, बडनेऱ्याला जमेल, शंभर घरांच्या गावाला जमेल. आमच्या आष्टगावच्या भीमराव पांचाळेंनी गझल घेऊन मुंबई गाठली आणि नाव केलं. प्रत्येकाला ते जमत नाही, प्रत्येकाला ते नकोही असतं. मला बडनेऱ्यातच राहायचं आहे. इथली हवा माझ्या खंजिरीला मानवते.

आठनंतर दादरला गाडी आली. भाची वरच्या बर्थवर जाऊन लगेच झोपली. मला झोप कुठली. डोळे मिटले की शेवटचं कडवं चालू व्हायचं. पहाटे मूर्तिजापूर गेलं तशी खिडकीतून कोरडी हवा यायला लागली. मी पिशवीतून खंजिरी काढली आणि एका बोटानं, अगदी हळू, टिचकी मारली. टण्ण. आली जागेवर. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ उठून बसले. "बाई, काय वाजवून राहिल्या? झोपू द्या ना." मी म्हटलं, चुकलं. ते परत आडवे झाले. दोन मिनिटांनी चादरीतूनच म्हणाले, "खंजिरी होय का? आमच्या आजीच्या घरी होती."

बडनेऱ्याला यजमान ऑटो घेऊन उभे होते. पहिला प्रश्न, किती भेटले. मी साडेसात सांगितले. "सहाचं ठरलं होतं ना?" म्हटलं, पंधराशे मराठीचे. त्यांना ते कळलं नाही, रस्ताभर समजावून सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी एका गावाहून फोन आला. पुण्यतिथीचा कार्यक्रम आहे, रात्री नऊला, तुमच्या मंडळाचं नाव ऐकलं आहे. मी विचारलं, मानधन काय ठरवायचं? पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तेच, श्रद्धेनं जे होईल ते. मी म्हटलं, भाऊ, आठ जणांचे आठ हजार आणि गाडीभाडं, निम्मे आधी, निम्मे कार्यक्रम सुटल्यावर तिथल्या तिथं, आणि मांडवाच्या मागं बायकांची सोय. बोलताना मी फ्रिजला टेकून उभी होते. ते म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो.

अजून फोन आला नाही. भाची म्हणते, येईल.